जाळ्याची घडी

समुद्रात हरवलेली वस्तू सापडत नाही, असं कुणी म्हटलं की वहिनीला हसू येई. सापडत नाही म्हणजे शोधणाऱ्याला शोधता येत नाही, असं तिचं सरळ गणित. तिनं बनवलेला टॅग अंगठ्याएवढा होता. जाळ्याच्या चारही कोपऱ्यांना एकेक बांधायचा. जाळं तुटून तळाला गेलं, की बोटीवरच्या यंत्रातून पाण्यात हाक सोडायची. टॅग ओ देतो आणि पडद्यावर त्याचा ठिपका उमटतो.

हरवलेलं जाळं तळाशी पडून वर्षानुवर्षं मासे आणि कासवं मारत राहतं, कुणाच्याच पोटात न जाणारी. ते काढायला पाणबुड्या लागतो, आणि इथला पाणबुड्या म्हणजे वहिनीचा धाकटा दीर. मागच्या साली अशाच एका जाळ्यात त्याचा पाय गुंतला आणि टाकीतली हवा संपता संपता तो सुटला. सासूबाईंनी तेव्हापासून धसका घेतला होता. आज निघताना त्या म्हणाल्या, "तुझ्या यंत्राच्या भरवशावर पाठवतेय हो त्याला."

"निर्धास्त राहा," वहिनी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. जाळं कसं पडलंय ते वरूनच दिसलं, तर दीर मोकळ्या बाजूनं उतरणार. गुंतायचा प्रश्न येतोच कुठे?

ऊन स्वच्छ होतं, पाणी संथ. बोटीवर डिझेलचा आणि ओल्या दोराचा वास भरून राहिला होता. वहिनीनं हाक सोडली आणि चार ठिपके उमटले.

"बघा तांडेल, जाळं हरवून दोन वर्षं झाली, तरी ओ दिली. आमचं कार्टं घरात बसून पहिल्या हाकेला ओ देत नाही."

बोट चालवणारा म्हातारा तांडेल हसला नाही. जाळं त्याचंच होतं. तो पडद्यावरच्या ठिपक्यांचा लांबरुंद, सरळ चौकोन बघत होता.

"पडलेलं जाळं गोळा होऊन बसतं, बाई. हे तर वाळत घातल्यासारखं पसरलंय."

"खडकांना अडकलं असेल."

"खडक नाहीत इथे. नुसती वाळू आहे."

"मग प्रवाहानं ताणलं असेल," वहिनी म्हणाली. उत्तरं तिच्या जिभेवर तयारच असत.

दिरानं टाकी चढवली, कमरेला दोरी बांधली. "वहिनी, आईला खालून काय आणू?"

"तुम्ही स्वतःला आणा भाऊजी, तेवढं पुरे."

तो उतरला. दोरीचं दुसरं टोक तांडेलाच्या हातात होतं. बुडबुडे थोडा वेळ दिसले, मग लांब गेले.

वहिनी हाका सोडत राहिली. जरा वेळानं डावीकडचे दोन ठिपके सरकले. दोघेही एका चालीनं उजवीकडे आले आणि तिथल्या दोन ठिपक्यांवर नेमके बसले. तिनं वायर चाचपली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तेच चित्र. मग वरची जोडी सावकाश खाली आली आणि खालच्या जोडीला मिळाली. पडद्यावर एकच ठिपका उरला.

तांडेल मागे येऊन उभा होता.

"घडी घातली," तो म्हणाला. "किनाऱ्यावर आम्ही अशीच घालतो. कोपऱ्याला कोपरा."

"भाऊजींनी घातली असेल."

"एकट्याला जमत नाही ते."

वहिनीला भीती वाटली. सासूबाईंना काय तोंड दाखवू, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं तांडेलाच्या हातातून दोरी घेतली आणि तीन हिसके दिले. वर ये, असा त्याचा अर्थ.

क्षणभर दोरी तशीच राहिली. मग खालून तीन हिसके आले.

तिचा जीव भांड्यात पडला. "म्हटलं नव्हतं?" ती तांडेलाला म्हणाली आणि भराभर दोरी ओढू लागली. दोरी जड होती.

तेवढ्यात बोटीच्या पलीकडच्या अंगाला पाणी खळबळलं. दिरानं शिडी धरली, खालच्या पायरीवर टेकला, तोंडावरचा मास्क काढला.

"यंत्र फसलं तुझं, वहिनी. जाळंबिळं काही नाही तिथे. नुसती वाळू, झाडून काढल्यासारखी."

वहिनीचे हात थांबले. "दोरी?"

"पायात येत होती. उतरल्या उतरल्या सोडून दिली."

तिच्या हातातली दोरी ताठ होती. मग ती आपोआप सैल पडली.

पडद्यावरचा ठिपका बोटीच्या बरोबर खाली आला होता.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "वर या."

"आलो की, पायातल्या फिन्स तर काढू दे," दीर म्हणाला, आणि पाण्यातला पाय वर घेताना जरासा अडला.