डोंगरी चहातला मध

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या इस्पितळाच्या दारात रालित्साचा पाय पडला तो थेट वाळलेल्या डोंगरी चहाच्या जुडीवर. कुर्रर्र... आणि व्हरांडाभर रोदोपी डोंगराचा वास दरवळला.

“तुडवा, तुडवा! आईचा आठवड्याचा चहा होता,” जुडी खाली पाडणारा उंच तरुण म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

तो ओग्न्यान. त्याची आई, स्टोयनाकाकू, रालित्साच्याच प्रयोगात होती. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटून बसते. कर्करोगाच्या रुग्णांमध्ये हा चहा ते चिकटणं थोडं कमी करतो का, एवढंच ती तपासत होती.

मग दर मंगळवारी तो आईला घेऊन यायचा. बाहेर लिंडेनच्या झाडाच्या फुलांवर पाऊस भुरभुरायचा, आणि तो काचेपाशी उभा...

“रुग्णांच्या नातेवाइकांशी सलगी करायची नाही, असा नियम आहे आमचा.”

“मी नुसता बघतोय, डॉक्टरीणबाई.”

“बघायचंही नाही!”

“मग तुम्ही कशाला बघताय?”

तिच्या हातातली रक्ताच्या नमुन्याची नळी निसटता निसटता राहिली.

दोन महिन्यांनी चिकटलेल्या साखरेचे आकडे आले. सगळ्यांचे उतरले होते, काकूंचे तेवढे चढले होते! रालित्साने ओग्न्यानला बाजूला घेतलं.

“चहा कसा करता?”

“तुम्ही सांगितला तसाच. वर चार चमचे मध.”

“मध? बिनगोडाचा प्यायचा, असं कागदावर लिहिलं होतं ना?”

“साखर नाहीच घातली! आणि मधाशिवाय चहा आजाऱ्याला देतं का कुणी? आख्खं गाव थुंकेल माझ्यावर.” मग त्याचा चेहरा उतरला. “मी... आईचं काही वाईट केलं?”

“नाही हो. त्यांचे उपचार चालूच आहेत. पण—”

पण काकूंचं नाव प्रयोगातून काढावं लागणार होतं. आणि मग मंगळवार रिकामे! गप्प बसलं तर...? कुणाला कळलं असतं? पण त्या आकड्यांवर उद्या दुसऱ्या कुणाची तरी आई विसंबणार होती. तिने खरं तेच लिहिलं. आणि खाली सही केली.

पुढच्या मंगळवारी तो दारात उभा. एकटाच, भिजलेला.

“काकू कुठेत?”

“घरी. बिनमधाचा चहा पीत मला शिव्या घालतेय.”

“मग तुम्ही इथे कसे?”

“आता मी तुमच्या प्रयोगातल्या कुणाचाच नातेवाईक नाही...” त्याने केसांतलं पाणी निपटलं. “म्हटलं, तुमचा कुणीतरी होता येईल का, विचारून बघू.”

रालित्साने हळूच पांढऱ्या कोटाची बटणं सोडली, कोट खुंटीला लावला.

“छत्री नाही आणलीस?”

“नाही.”

“बरं केलंस,” ती म्हणाली आणि त्याच्याबरोबर पावसात उतरली.