भिकनची आगारी

पितांबर पाटलांचे गुडघे हे त्या घरातलं फार सोयीचं दुखणं होतं. नको असलेल्या लग्नाला जायची वेळ आली की ते दुखत, आणि खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांच्या जेवणाचं बोलावणं आलं की बरे होत. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीही त्यांचंच निमित्त झालं. सातपुड्याच्या पायथ्याशी ऊनपाण्याचं कुंड आहे, तिथं गुडघे शेकायचे, सगळ्यांनी निवांत आंघोळी करायच्या, मग कणकेच्या बट्ट्या भाजून सावकाश जेवायचं आणि उन्हं उतरली की परत फिरायचं, असं त्यांनी गावात सांगितलं. गाडीत बसलेल्या चौघांनाही खरं कारण ठाऊक होतं, म्हणून वाटभर कुणी गुडघ्यांची चौकशी केली नाही.

खरं कारण भिकन होता. पितांबर आणि कौसाबाईंचा एकुलता एक मुलगा. मिरचीची गाडी घेऊन नंदुरबारला गेला, तिथं भरतीवाल्याच्या बोलण्यात आला आणि मजुरांच्या पलटणीबरोबर आगगाडीनं आणि मग बोटीनं थेट अरबांच्या मुलखात, बसऱ्याच्या लढाईवर रवाना झाला. लढाई संपली. आसपासच्या गावांतले काही परत आले, भिकन आला नाही. कचेरीत विचारलं तर तो मेलेल्यांत नव्हता आणि परतलेल्यांतही नव्हता. जे परतले ते लढाईबद्दल फारसं बोलत नसत. तिकडं पाणी मिळत नाही, एवढं मात्र प्रत्येकजण सांगे.

कौसाबाईंनी त्या 'नव्हता'ला घट्ट धरून ठेवलं होतं. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं गार पाण्याच्या घागरी भरायच्या, ही रीत. वैशाखाच्या उन्हात त्यांचा जीव तहानेनं कासावीस होतो म्हणतात. कौसाबाई सासूची भरत, सासऱ्यांची भरत, पाळण्यातच गेलेल्या लेकीचीही भरत. भिकनची कधी भरली नाही. जित्या माणसाची घागर भरतात का, असं त्या विचारत. एका आईशी या बाबतीत हुज्जत घालायची कुणाची छाती होती?

पण या वर्षी सुनेचा भाऊ सुकलाल येऊन बसला. त्याचंही चुकलं नव्हतं. सोनीबाई ऐन वयाची, ना धड सवाष्ण ना धड विधवा. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, आणि सारंगखेड्याचा एक भला बिजवर तिला करून घ्यायला तयार होता. अडचण एकच: भिकनची आगारी पडलेली नव्हती. निखाऱ्यावर तूपगुळाचा घास टाकून गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याला आगारी म्हणतात. घास धडधडून पेटला तर त्या माणसानं तो घेतला. आणि ज्याचं प्रेत घरातून उठलं नाही त्याची पहिली आगारी घरच्या चुलीपाशी टाकायची नाही, वाहत्या पाण्याच्या काठी टाकायची, असं भाऊबंदांत चालत आलेलं. तापी घराच्या मागेच होती. पण तिथं बघायला सगळं गाव जमलं असतं, म्हणून हे लांबचं, वाहत्या झऱ्याचं कुंड.

कौसाबाईंनी दोन वेळ जेवण टाकून शेवटी मान हलवली होती. सोनी त्यांना सुनेपेक्षा लेकीसारखी अधिक. घास पेटला तर मुलगा गेला, नाही पेटला तर या पोरीचा जन्म गेला. देवाकडे काय मागावं हेच त्यांना कळेना, म्हणून गाडीत त्या नुसत्या डोळे मिटून बसल्या होत्या.

पोहोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. दगडी गोमुखातून कढत पाण्याची धार पडत होती आणि वर वाफ तरंगत होती. मधे पुरुषभर उंचीची भिंत, अलीकडे बायकांचं कुंड, पलीकडे पुरुषांचं. कुंडाची राखण करणारा आमशा पायऱ्या झाडत होता. दोन बट्ट्यांवर खूश होणारा म्हातारा माणूस. त्यानं शेकायला चांगली जागा दाखवली, आणि पितांबर पाटील पाण्यात उतरून असे काही उसासे टाकू लागले की गुडघे खरंच दुखत होते की काय असं कौसाबाईंना वाटून गेलं.

बायकांनी मागाहून आंघोळ केली. गरम पाण्यानं सोनीचं कुंकू वाहून गालावर आलं. ते तिनं पुसलं, काठावर ठेवलेला कुंकवाचा करंडा घेतला आणि पुन्हा लावलं. उद्या हा हात कपाळाकडे जाईल का, या विचारासरशी कौसाबाईंनी तोंडावर पाणी मारून घेतलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे कुणी तरी पाणी पिताना ऐकू आलं. ओंजळीनं, घाईघाईनं, घुटक्यावर घुटके, मधे श्वासही न घेता.

"आहो, इतलं ऊन पानी नका पिऊ," कौसाबाई म्हणाल्या. "पोट बिघडी."

"कोन पी ऱ्हायनं?" पितांबरांचा आवाज पार चिंचेखालच्या बैलांपासून आला. "मी आठे बैलसपाशी शे."

सुकलाल गोवऱ्या रचत होता, तो ओल्या डोळ्यांनाही दिसत होता. कौसाबाईंनी आमशाला हाक मारून विचारलं, आणखी कुणी आंघोळीला आलंय का.

"नही माय. आज दुसरी गाडीच उनी नही."

गोमुखाची धार असेल, असं म्हणून त्या बाहेर आल्या. शहाण्या बाईनं दुसरं काय म्हणावं?

चिंचेच्या सावलीत स्वयंपाक मांडला. कुंडाचं पाणी अंगाला चांगलं पण तोंडात धरवत नाही, गंधकासारखा वास येतो, म्हणून प्यायला घरच्या विहिरीचं पाणी पितळी कळशीत भरून, तोंडाला फडकं बांधून आणलं होतं. कौसाबाईंनी जाडसर कणकेत ओवा टाकला, कळशी वाकडी केली आणि थांबल्या. निघताना गळ्यापर्यंत भरलेली कळशी अर्धी झाली होती. फडक्याची गाठ त्यांचीच होती, जशी बांधली तशी.

"सुकलाल, पानी कोन पिनं रे?"

"मामी, मी तं हात बी लाया नही."

गाडीत हिंदकळलं असेल म्हणावं तर गाडीतलं गवत कोरडं होतं. कळशीखालची माती कोरडी होती. कौसाबाईंनी बोट फिरवून कळशीचा तळ तपासला, चीर सापडली नाही. त्यांनी कणीक मळली, सोनीनं वरणाला लसणाची फोडणी दिली, वांगी घोटली. बट्ट्या विस्तवात पुरल्या आणि भाजक्या गव्हाचा वास सुटला. ऊन चढत होतं, कुंडावरची वाफ मात्र विरत नव्हती.

बट्ट्या झाल्या. पितांबरांनी एका गोवरीवर लालभडक निखारे घेतले, ती कुंडाच्या काठी ठेवली आणि समोर बसले. पहिली बट्टी कुस्करून तूपगूळ कालवला. मघापर्यंत गरम पाण्यात सुखानं उसासे टाकणारा माणूस एकदम म्हातारा दिसू लागला.

"भिकन, बापा," ते म्हणाले, "तुन्हा नावनी आगारी शे. ले."

घास निखाऱ्यावर पडला. तूप पेटलं नाही. चर्र असा आवाज झाला आणि निखारा काळा पडला, कुणी वर ओली ओंजळ झटकावी तसा. पितांबरांनी दुसरा घास टाकला, तूप जास्त घातलं. पुन्हा चर्र, पुन्हा काळं. सुकलालनं वाकून फुंकर मारली, ती राख उडवून गेली.

"दखं का?" कौसाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "मन्हा पोऱ्या जित्ता शे. त्याले आगारी कसानी लागी?"

पितांबरांनी हात धुतले. "भिकननी माय, पहिले जेवी ले," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मंग बोलूत."

मग कौसाबाईंनी जे जेवण वाढलं, तसं त्यांनी कित्येक वर्षांत वाढलं नव्हतं. पळसाच्या पत्रावळींवर बट्ट्या फोडून तुपाची धार धरली, वरण ओतलं, सुकलालला आग्रह केला, नवऱ्याला गुळाचा खडा जास्तीचा दिला, आमशाला हाक मारून त्याचं पान मांडलं. भिकनला बट्टीचा करपलेला पापुद्रा कसा आवडायचा, ते हसत हसत सांगितलं. सगळं सावकाश चाललं होतं, घाई कुणालाच नव्हती, आणि घास मात्र कौसाबाईंखेरीज कुणाच्या गळ्याखाली उतरत नव्हता. सुकलाल पानाकडे बघत बसला होता. बहिणीला आणि सारंगखेडेकरांना काय तोंड दाखवायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सोनीकडे बघायचं कौसाबाईंनी टाळलं. आपल्या सुखाची किंमत ही पोर मोजणार, हे त्यांना कळत होतं. लाजही वाटत होती. पण सुख होतं ते होतंच.

पितांबरांना ठसका लागला. सोनीनं कळशी उचलली, तिच्यात तळाशी हाताच्या चार बोटांइतकंच पाणी होतं. जेवायला बसल्यापासून कुणी पाण्याला शिवलंही नव्हतं.

सोनी कळशी घेऊन तशीच उभी राहिली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं सासऱ्यांना घोटभर दिलं आणि उरलेलं कौसाबाईंपुढे ठेवलं.

"आत्याबाई, हाई पानी त्यासले द्या."

"कोनले?"

सोनीनं नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार?

"मन्हा उशाजोडना गडू रोज रिकामा व्हस," ती म्हणाली. "पलटणवाला परत उनात, तवयपाईन. मी भरी ठेवस. सकायले कोरडा ऱ्हास."

पलटणीतले परत आले तेव्हापासून, म्हणजे किती आखाज्या झाल्या, ते कौसाबाईंनी मनात मोजलं.

"काही बोलस का तो?"

"नही. निस्तं पेवाना आवाज येस."

"माले सांगं कसं नही, पोरी?"

"कसं सांगू, आत्याबाई? तुम्ही वाट दखी ऱ्हायनात."

कौसाबाई खाली बसल्या. भिंतीपलीकडे मघाशी ऐकलेले ते घुटके त्यांच्या कानात पुन्हा वाजू लागले. आगारी त्यानं नाकारली नव्हती. कोरड्या घशाला तूपगूळ कसा उतरावा? आखाजीमागून आखाजी गेली, घरात सगळ्यांच्या घागरी भरल्या, पाळण्यातल्या पोरीचीही भरली, आणि तो दारात उभा राहून बघत होता. आईच्या हातचं पाणी तेवढं त्याला मिळालं नाही, कारण आईला तो जिवंत हवा होता. सून रोज गडू भरत होती, पण ती जिवंत नवऱ्याची वाट बघणाऱ्या घरातली सून. त्या पाण्यावर त्याचं नाव नव्हतं.

त्यांच्या तोंडून हुंदका आला नाही. हुंदक्याच्या खूप खालचं काही तरी होतं, ते बाहेर येतच नव्हतं.

त्यांनी कळशी उचलली. त्या निखाऱ्यापाशी गेल्या. पितांबरांनी नव्या गोवरीवर नवा विस्तव आणून ठेवला. 

"भिकन," त्या म्हणाल्या. "मन्हा गेयेल पोऱ्या. पी, बाळ."

त्यांनी धार धरली.

धार सरळ खाली आली आणि गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर संपली. खालची माती भिजली नाही.

सुकलाल मागे सरकला. आमशानं डोळ्यांवर हात धरला.

कौसाबाई ओतत राहिल्या. मनगट दुखलं तरी त्यांनी धार तुटू दिली नाही. शेवटचे थेंब पडले, तेही मातीपर्यंत पोहोचले नाहीत.

पितांबरांनी घास टाकला. तो धडधडून पेटला, वीतभर ज्योत उभी राहिली, आणि पितांबर पाटील पोरासारखे रडू लागले. सोनीनं पदरानं कपाळ पुसलं. कौसाबाईंनी तिला जवळ ओढून तिचं डोकं छातीशी धरलं. मुलगा गेला होता. पण तो पाणी पिऊन गेला होता, आणि ही पोर सुटली होती. बऱ्याच वर्षांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

चर्र.

बट्ट्या भाजलेल्या विस्तवाच्या कडेचा एक निखारा काळा पडला होता. त्याच्यावर कुणी काही टाकलं नव्हतं.

त्याच्या शेजारचा विझला. मग त्याच्या पलीकडचा. एकेक, ओळीनं, मधे थोडा वेळ सोडून.

कौसाबाईंनी कळशी उपडी केली. तिच्यात काही नव्हतं. त्यांनी सोनीला हळूच बाजूला केलं.

"बाळ," त्यांनी विचारलं, "तुन्हा संगे पलटणना कितला जन उनात?"

उरलेला सगळा विस्तव एकदम विझला.