दुर्बिणीत दिसलेला भाऊ

पटो न पटो, हे खरंच घडलंय. जिच्या बाबतीत घडलं, ती ताई आजही मोजणी खात्यात नोकरी करते. रात्र नव्हती. भर दुपार होती.

ग्रॅनाइटचा तो सुळका तळावरून अगदी बोडका दिसतो. समोर सरळ भिंत, उजवीकडे खिंड, पायथ्याशी गाडीएवढे धोंडे.

खात्याच्या साहेबांना त्याची उंची मोजायची होती. ताईचा धाकटा भाऊ मोजपट्टी धरायला वर गेला. पद्धत अशी, की खालून लाल रुमाल हलेपर्यंत वरच्याने जागा सोडायची नाही.

ढग उतरले. साहेब गाडीत जाऊन बसले.

रुमाल कुणी हलवलाच नाही...

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई तळावर पोचली, तर साहेब म्हणाले, "पळाला असेल. हल्लीची पोरं कामचुकार."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "न सांगता चहाला जात नाही तो. दोर लावून चढणारे दोरवाले पाठवा."

"तो वर आहे कशावरून? दिसला तर पाठवतो."

तिने दात-ओठ खात दुर्बीण लावली. मोजणीची जुनी दुर्बीण, तिच्यातून सगळं उलटं दिसतं. मोजणीवाल्यांच्या हे आता लक्षातही येत नाही. सुळका टोक खाली करून लोंबत होता. धोंडे आभाळात होते.

वारा पडला.

पाखरं गप्प झाली...

मग... ठक. मोजपट्टी दगडावर टेकल्याचा आवाज. अगदी कानाशी.

ठक...

एका काळ्या फटीत पिवळा स्वेटर दिसला. भाऊच. सरळ उभा. दोन्ही हात वर केलेले. वारा नसतानाही केस ताठ उभे...

ताई रडली आणि मग तिने तोंड सोडलं. "पळाला म्हणत होतात ना? लाज वाटू द्या. या, बघा. चांगला उभा आहे माझा भाऊ."

साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.

"उभा?" त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. "ताई... यातून सगळं उलटं दिसतं."

दोरवाल्यांना तो संध्याकाळी सापडला. फटीत अडकलेला. डोकं खाली, पाय वर.

डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत जिवंत होता.

चौकशी झाली. ती फट सुळक्याच्या मागच्या अंगाला निघाली. मध्ये अख्खा डोंगर. साहेबांनी साळसूदपणे सांगितलं, "तळावरून तो दिसणं शक्यच नव्हतं. मग माझी चूक कशी?"

आपण काय पाहिलं, ते त्यांनी गिळून टाकलं. साहेब सुटले.

ताई स्वतः तळावर जाऊन आली. तळाच्या चारही कोपऱ्यांतून दुर्बीण लावून पाहिली. फट कुठूनच दिसत नाही.

साहेब खरं बोलले होते, याचीच तिला सगळ्यात जास्त चीड येते.