डाव्या गालाची चूण

आन्सेल्मो किरोसच्या दुकानाला पाटी नव्हती. ग्वादालाहाराच्या मोठ्या बाजारामागच्या गल्लीत, चपलांची दुकानं संपतात तिथे एक निळं दार होतं. आत दोन शिवणयंत्रं, कापडाचे गठ्ठे आणि भिंतीला लावून ठेवलेली लाकडी डोकी. एक यंत्र त्याचं, दुसरं त्याच्या मुलीचं, ओफेलियाचं. बापलेक मिळून कुस्तीगिरांचे मुखवटे शिवत. आन्सेल्मोचं वय बहात्तर झालं होतं, पण सुईत दोरा तो अजून चष्म्याशिवाय ओवत असे.

मुखवट्याचं माप घेताना दार लावून घ्यायचं, हा धंद्याचा पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे मुखवट्याखालचा चेहरा शिवणाऱ्यानं बघायचा, पण कुणाचा ते कधी कुणाला सांगायचं नाही. ज्या दिवशी पैज लावून दोघे लढतात आणि एक हरतो, त्या दिवशी तो हरलेला स्वतःच मुखवटा उतरवतो आणि भर आखाड्यात आपलं नाव, गाव, वय आणि किती वर्षं लढलो ते सांगतो. त्याआधी नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून तर नाहीच. एकदा उतरलेला मुखवटा पुन्हा चढवता येत नाही.

एप्रिलमध्ये कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. मे महिन्यातल्या रविवारी मोठी लढत होती, घरबसल्या पैसे भरून टीव्हीवर बघण्याची. चार देशांत दिसणार होती. घुबड विरुद्ध विंचू, मुखवट्याला मुखवटा. दोन्ही नावं जुनी होती. तेहतीस वर्षांपूर्वी याच दोन नावांची पैज लागली होती, तेव्हा घुबड हरलं होतं. विंचवाच्या जागी आता त्याचा मुलगा उतरत होता. घुबडाचं नाव मात्र कंपनीनं एव्हेलिओ नावाच्या सव्वीस वर्षांच्या हसऱ्या पोराला दिलं होतं. नियमातून वाट काढायला त्याला नवं घुबड म्हणत होते.

मुलीनं विचारलं, पहिल्या घुबडाचा मुखवटा तुम्हीच शिवला होता ना? रोहेलिओ पिनेदा, ज्यानं तेव्हा मुखवटा उतरवला, तो माणूस कसा होता?

आन्सेल्मो टेपशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "रोहेलिओ चांगला गडी होता. त्याचं माप मला अजून पाठ आहे. घेर साडेएकोणसाठ, उंची एकवीस, डावा गाल अर्ध्या सेंटिमीटरनं आत."

मुलीला ते फार आवडलं. तिनं ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

ती गेल्यावर ओफेलियानं यंत्र थांबवलं. "बाबा, पिनेदाचा गाल सरळ होता. मी तेव्हा सात वर्षांची होते, तरी आठवतं. त्याच्या मुखवट्याला तुम्ही चूण घातली नव्हती."

"असेल," आन्सेल्मो म्हणाला.

ते माप इलारिओ मोंतेहानोचं होतं. खरं घुबड तो. तोनाला गावचा, घरचा कुंभार. लहानपणी घोड्यानं लाथ मारली तेव्हा डाव्या गालाचं हाड बसलं होतं. तिथे कापड झोळ धरे, म्हणून डाव्या डोळ्याखाली आन्सेल्मो एक बारीक चूण घाले. अकरा वर्षं त्यानं इलारिओचे मुखवटे शिवले. दोघांची मैत्री होती. माप घेऊन झालं की दोघे दुकानाच्या उंबऱ्यावर बसून तिखट रश्श्यात बुडवलेले पाव खात, आणि इलारिओची बोटं कितीही धुतली तरी त्यांना ओल्या मातीचा वास येई.

पैजेच्या लढतीला दोन आठवडे उरले असताना इलारिओची पाठ कामातून गेली. तो इस्पितळात पडला. त्याचं एवढंच म्हणणं होतं की महिनाभर थांबा, हरायचं तर मीच हरतो, माझं नाव मीच सांगतो. पण तिकिटं खपली होती. कंपनीचा मालक आन्सेल्मोकडे आला आणि म्हणाला, घुबडाचा एक मुखवटा पिनेदाच्या मापाचा करून दे. आन्सेल्मोनं एक दिवस नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, तू नाही कापलास तर दुसरा कुणी कापेल, आणि वाकडा कापेल.

तो धमकीला भ्याला असता तर गोष्ट वेगळी होती. घुबडाची पिसं दुसऱ्याच्या हातून वाकडी शिवली जातील, हे त्याला सहन झालं नाही. म्हणून त्यानं कापला. कामात खोट ठेवली नाही.

इलारिओनं ती लढत इस्पितळातल्या टीव्हीवर पाहिली. त्याचा चेहरा उतरवून एक परका माणूस स्वतःचं नाव सांगत होता. काही महिन्यांनी काठी टेकत तो दुकानात आला, बसला नाही. म्हणाला, "आन्सेल्मो, त्याला छान बसला होता." आणि गेला. नऊ वर्षांनी तोनालाला वारला. गावात त्याला सगळे माठ घडवणारा म्हणूनच ओळखत.

एव्हेलिओचं पहिलं माप आन्सेल्मोनं मार्चमध्येच घेतलं होतं. घेर सत्तावन्न, उंची वीस, दोन्ही गाल सारखे. कॅमेरावाली मुलगी येऊन गेली त्याच आठवड्यात तो कच्चा मुखवटा घालून बघायला आला. दारातूनच ओरडला, "मास्तर, घुबडाला दाणे टाका!" मग ओफेलियाला म्हणाला, ताई, तुझ्या बापाला सांग, मला सुंदर करा, माझी होणारी सासू पैसे भरून बघणार आहे.

मुखवटा चढवला. डाव्या डोळ्याखाली कापड झोळ धरत होतं.

आन्सेल्मोनं ते बोटानं दाबलं. बोट आत गेलं.

"हसू नकोस," तो म्हणाला.

"मी कुठे हसतोय, मास्तर?"

मुखवटा काढला तर गाल सरळ दिसत होता. टेप लावला तर अर्धा सेंटिमीटर कमी. आन्सेल्मोनं ओफेलियाला बोलावलं. ती माप घ्यायला लागली आणि बापाचं वय झालं म्हणून त्याची थोडी चेष्टाही केली. मग तिनं टेप पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. एव्हेलिओ म्हणाला, ताई, लग्न ठरलंय माझं, किती कुरवाळशील. ती हसली नाही.

दहा दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा नाड्या मागे जुळेनात. घेर एकोणसाठ भरला. व्यायामानं मान वाढते, डोकं वाढत नाही, हे आन्सेल्मोला कुणी सांगायला नको होतं. त्यानं कपाटाच्या तळाशी ठेवलेला खाकी कागदाचा जुना फर्मा बाहेर काढला. त्याच्या स्वतःच्या अक्षरात, पेन्सिलीनं, इलारिओची मापं होती. त्यानं फर्मा मेजावर पसरला आणि त्यावरून नवा मुखवटा कापला. डाव्या डोळ्याखाली चूण घातली. ओफेलिया शेजारी बसून बघत होती. तिनं विचारलं, हा कागद कुणाचा? जुना आहे, एवढंच तो म्हणाला.

शेवटचं माप लढतीच्या आदल्या गुरुवारी झालं. मुखवटा कातडीसारखा बसला. एव्हेलिओनं आरशात पाहिलं आणि बराच वेळ काही विनोद केला नाही. मग दाराकडे एक नजर टाकून हळूच सांगितलं की निकाल ठरलाय, घुबडच जिंकणार, तेव्हा पुढच्या वर्षाचाही मुखवटा शिवायला घ्या. जाताना आन्सेल्मोशी हात मिळवला. पोराचा हात गार आणि ओलसर होता. तो गेल्यावर आन्सेल्मोनं स्वतःचा तळवा नाकाशी नेला आणि मग मोरीत जाऊन धुतला.

रविवारी चार वाजता आखाडा भरला होता. पत्रे उन्हानं तापले होते, आत बिअरचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास कोंडला होता. बायकापोरं विंचवाला त्याच्या आईवरून शिव्या घालत होती आणि तो हात हलवून त्या झेलत होता. पैजेच्या लढतीत मुखवटा शिवणाऱ्यानं सुईदोरा घेऊन आपल्या कोपऱ्याखाली बसायचं असतं. फाटला तर तिथल्या तिथे टाका घालावा लागतो. आन्सेल्मो बसला होता. ओफेलिया त्याच्या मागे.

पहिला डाव विंचवानं घेतला, दुसरा घुबडानं. तिसऱ्यात सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. घुबड दोरावर चढलं, उडी मारली, विंचू आडवा झाला. लोक उभे राहिले.

घुबड त्याच्या शेजारी जाऊन पाठीवर निजलं. हात छातीवर ठेवले.

विंचवाला काय करावं कळेना. तो घुबडाच्या कानाशी काहीतरी बोलला. ऊठ म्हणत असावा, कारण दोनदा त्यानं त्याचा दंड ओढला. शेवटी त्यानं एक हात घुबडावर टाकला. पंच मोजायला लागला. एक, आणि वाट पाहिली. दोन, आणि आणखी वाट पाहिली. मुखवट्याच्या भोकांतून डोळे छताकडे बघत होते.

तीन.

आखाड्यात काही क्षण नुसता पंख्यांचा आवाज आला. मग गलका झाला.

घुबड उठलं. चालत आपल्या कोपऱ्यात आलं, गुडघ्यांवर बसलं आणि आन्सेल्मोकडे पाठ केली. नाड्या आपल्या माणसानं सोडायच्या, अशी रीत आहे.

आन्सेल्मो उठून वर चढला. गाठी त्यानंच बांधल्या होत्या, तरी सुटायला वेळ लागला. ओल्या मातीचा वास येत होता.

मुखवटा निघाला.

चेहरा एव्हेलिओचाच होता. घामानं भिजलेला, तरुण. फक्त डावा गाल आत गेलेला.

कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला.

"माझं नाव इलारिओ मोंतेहानो," तो म्हणाला. "गाव तोनाला. वय छत्तीस. अकरा वर्षं लढलो."

आवाज अगदी साधा होता, घरी बोलावं तसा.

"मुखवटा आन्सेल्मो किरोसनं शिवला." तो वळला. आन्सेल्मोकडे पाहून त्यानं आणखी एक शब्द म्हटला.

"दोन्ही."

तीच कॅमेरावाली मुलगी धावत आली. हातातल्या कागदावर दुसरंच नाव होतं. तिनं माईक आन्सेल्मोपुढे धरला आणि विचारलं, हा इलारिओ मोंतेहानो कोण?

गुडघ्यांवर बसलेला माणूस वाट बघत होता. मागे ओफेलियाही बघत होती. चार देशांतली माणसं आपापल्या घरांत बघत होती. एवढंच सांगायचं होतं की खरं घुबड तोच. तेवढं एक वाक्य.

"मुखवट्याखालच्या माणसाचं नाव मी सांगत नाही," आन्सेल्मो म्हणाला. "आमच्या धंद्यात तशी रीत आहे."

मुलीनं कॅमेऱ्याकडे तोंड फिरवलं आणि ओळख जपणाऱ्या जुन्या कारागिरांबद्दल दोन छान वाक्यं बोलली. आन्सेल्मोनं पुन्हा खाली पाहिलं तेव्हा एव्हेलिओ गाल चोळत होता. दोन्ही गाल सारखे होते. त्यानं कुजबुजत विचारलं, "मास्तर, मी जिंकलो ना?"

ओफेलिया त्याला बसनं घरी घेऊन आली. दाराशी किल्ली फिरवताना तिनं एवढंच विचारलं, "तो कागद त्यांचा होता ना?" आन्सेल्मोनं मान हलवली. ती आत गेली.

कंपनीनं तो सारा प्रकार प्रसिद्धीचा डाव म्हणून खपवला. टीव्हीवर खाली एव्हेलिओचं नाव लिहून आलं होतं, तेच लोकांनी धरलं. एव्हेलिओ सासऱ्याच्या ट्रकवर कामाला लागला. जिंकलेला मुखवटा रीतीप्रमाणे विंचवाच्या घरी गेला, तेहतीस वर्षांपूर्वीच्या मुखवट्याशेजारी.

तीन आठवड्यांनी तो टपालानं परत आला. सोबत चिठ्ठी होती. विंचवानं लिहिलं होतं की मास्तर, राग मानू नका, हा काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. काच आतून धुरकट होते. जुना मुखवटा शेजारीच आहे, त्याला काही होत नाही.

आन्सेल्मोनं मुखवटा साबणानं धुतला, उलटा केला आणि अंगणातल्या दोरीवर टांगला. त्या वर्षी पाऊस लांबला होता. ऊन असं होतं की चादर अर्ध्या तासात कडक होई. संध्याकाळी तो काढायला गेला, हात लावून पाहिलं आणि तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही.

पाचव्या दिवशी ओफेलिया बाजारात गेल्यावर त्यानं अंगणाचं दार लावलं, माप घेताना लावत असे तसं. दोरीपुढे उभा राहिला. मग मोठ्यानं म्हणाला, "घुबड म्हणजे इलारिओ मोंतेहानो. तोनालाचा. पिनेदाच्या मापाचा मुखवटा मी कापला. मी कापायला नको होता." शेजारच्या घरात रेडिओ चालू होता. दुसरं कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा अंगणात आला. मुखवटा हातात घेतला आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. कपाळ वाळलेलं होतं. कान, हनुवटी, मागची नाड्यांची पट्टी, सगळं खडखडीत वाळलेलं. फक्त दोन्ही डोळ्यांच्या भोकांखाली, बोटभर रुंदीचं कापड ओलं होतं. उजवीकडची ओल सरळ हनुवटीकडे गेली होती. डावीकडची चुणीपाशी अडून, तिच्या कडेकडेनं खाली उतरली होती.