येतो, माय

पंकज मले सख्ख्या भावावानी. म्हून तर माहा राग जात नाई, आजबी.

गुडीहत्नूरात माहं बियाण्याचं दुकान. हंगाम आटोपला तवा डोकं नुसतं भणभणत होतं. पंकज म्हणाला, "चाल अमृत, धरणाच्या पाण्यात एक बेट हाये. झाडाखाली पडू, भाकर खाऊ, दिवस बुडायच्या आत वापस." निघताना माही पोरगी, रूपाली, दारात आडवी. "येतो म्हना, बाबा." येतो म्हटल्याबिगर ती मले कुठंच जाऊ देत नाई.

डोंग्यातून उतरलो अन् खरंच जीव निवला. चिंचेची गार सावली, पाण्याचा वास, माणसाचा आवाज नाई. एक झोपडी तेवढी. तिथं भागाबाई नावाची म्हातारी. तिनं गरम भाकर वाढली, ठेचा वाढला. पण चूल थंडगार होती... राखेवर शेवाळ चढलं होतं. अन् भर उन्हात म्हातारीच्या लुगड्याचा काठ टपटप गळून राह्यला होता. म्या पंकजकडं पाह्यलं. त्यानं मान वर केली नाई.

निघताना तो म्हणाला, "जातो, माय."

"अबे, जातो काय म्हणतं? खाल्ल्या घरी असं बोलतेत काय?" म्या त्याले झापलं अन् हात जोडले. "येतो, माय."

म्हातारी हसली. "ये, बापू... वाट पाहीन."

डोंग्यात पंकज हमसून रडायले लागला.

"काऊन रडतं बे?"

"दोन वर्सं झाले... मीबी येतो म्हणालो होतो. तवापासून दर शनवारी पाय आपोआप इकडंच वळते. दुसरं कोणी येतो म्हटल्याबिगर ती सोडत नाई..."

"अन् तुले मीच भेटलो?"

"दुसरं कोण आलं असतं, अमृत, माह्या शब्दावर?"

तवापासून त्याच्याशी बोलणं बंद. शनवारी दुपारी मी दुकानाचं शटर खाली ओढतो, अन् भानावर येतो ते चिंचेखाली. हातात गरम भाकर असते. त्याचीबी आता सवय झाली म्हणा.

पण काल सकाळी दुकानाले निघालो, तं रूपाली दारात रडत उभी.

"बाबा, तुमी आजकाल रोज 'जातो' काऊन म्हनता?"

म्या तं, देवाशपथ, 'येतो'च म्हटलं होतं.