कडीला बांधलेला बूट

आस्टा परक्या जागी झोपत नाही, या काळजीने आदल्या रात्री माझा डोळा लागला नाही. ती तीन वर्षांची आहे. इतरांची मुलं म्हणे कुठेही आडवी होतात. माझी घरच्या अंथरुणातही तासभर थोपटून घेते, आणि यात चूक माझीच असणार असं मी धरून चालते. त्यात दुसऱ्या दिवशी दहा नोव्हेंबर, म्हणजे मॉर्टनची रात्र, आमच्याकडे घरोघरी बदक भाजायचा सण. आमच्या गावच्या संग्रहालयात त्या रात्री स्वयंसेवकांना बदकाचं जेवण देऊन त्यांचे आभार मानतात. मी उन्हाळ्यातच स्वयंसेवक झालेली, त्यामुळे आभार मानून घेण्याआधी मला बटाटे सोलायचे होते. नवरा बोटीवर. पोरीला बरोबर नेण्यावाचून इलाज नव्हता.

संग्रहालय जुन्या शाळेत आहे. जेवण खालच्या वर्गात होतं. आस्टाला मी वरच्या खोलीत, पाहुण्यांच्या कोटांच्या ढिगावर निजवलं. खोलीत फारसं काही मांडलेलं नव्हतं. भिंतीच्या तळाशी एक लोखंडी कडी, कडीला हाताने विणलेली लाल पट्टी, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पुरुषाचा एक डावा बूट. कोळ्यांची काहीतरी जुनी प्रथा असेल असं समजून मी माहितीची पाटीही शोधली. सापडली नाही. तेवढ्यात आस्टा झोपलेली. न थोपटता. मी इतकी खूश होऊन खाली आले की पहिल्या दोघांना मुद्दाम सांगितलं.

पाहुणे आपापले कोट उचलून गेले. आस्टाच्या अंगाखाली माझा आणि आणखी दोघातिघांचे उरले. भांडी घासायला मी, माझ्यासारखीच नवी सिग्ने आणि तिचा नवरा मॅस. कप पुसायला थोर्किल्ड. ते पूर्वी फेरीबोट चालवत. आता मंगळवारी संग्रहालयातली घड्याळं चालू ठेवतात आणि आम्हा नव्यांना चिडवतात.

"आपल्याकडे सोडत का नसते हो?" सिग्नेने विचारलं. "गावातली पत्ते खेळणारी मंडळीसुद्धा तिकिटं विकतात."

थोर्किल्डनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, सोडत बंद पडली त्यामागे जे घडलं, ते प्रेबेनच्या बाबतीत. प्रेबेन आमचा अध्यक्ष होता. त्याने त्याच रात्री माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, तेव्हा मी रचलंय असं म्हणू नका.

त्यांनी बोदिलपासून सुरुवात केली. संग्रहालय उघडलं त्या दिवसापासून ती इथे स्वयंसेवक होती. वरच्या खोलीत तिचा पाळणा ठेवलेला असायचा, जमिनीवर डोलणारा, तिच्या बापाने केलेला. तिचा मुलगा त्यात एक हिवाळा निजला. दुसरा हिवाळा त्याला मिळाला नाही. पाळणा देताना तिची एकच अट होती. तो या खोलीतून हलायचा नाही. प्रेबेनने हातात हात देऊन कबूल केलं, आणि आमच्याकडे त्यापुढे कागद करत नाहीत.

रिकामा पाळणा हलवू नये, हे आपण सगळेच ऐकत आलोत. पण उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांची पोरं कुठे ऐकतात? म्हणून बोदिलने भिंतीत कडी ठोकून घेतली आणि स्वतः विणलेल्या लाल पट्टीने पाळणा तिला बांधला. गाठ तिची तिलाच येई. एखादी दमलेली आई तान्हं घेऊन आली, की मात्र बोदिल गाठ सोडायची, पट्टीची गोल गुंडाळी करून खिडकीत ठेवायची, पोराला पाळण्यात घालायची आणि आईला म्हणायची, जा, खाली कॉफी गरम आहे.

"चांगली बाई होती," मॅस म्हणाला.

"प्रत्येक जण तेच म्हणायचा," थोर्किल्ड म्हणाले. "तिच्या तोंडावर. दरवर्षी. वर एक गुलाबाचं फूल."

मग पंचक्रोशीतली संग्रहालयं एकत्र झाली. मोजदाद झाली, तर पाळणेच पाळणे. दर घराने एक दिलेला, कारण जाळवत कुणालाच नाही. एक ठेवा, बाकीचे काढा, असं ठरलं. प्रेबेनला वाटलं, आपलं डोकं काय चाललंय. जास्तीच्या वस्तू मॉर्टनच्या रात्री सोडतीत ठेवू. ज्यांनी इतकी वर्षं सांभाळल्या, त्यांनाच घरी नेऊ देऊ. आभारही होतील, अडगळही जाईल. सोडतीची तिकिटं विकायला नेहमीप्रमाणे बोदिल. टेबलाटेबलावर गेली, थट्टा केली, म्हाताऱ्यांना जास्तीची घ्यायला लावली. बक्षिसं काय आहेत, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रेबेनने भाषण केलं. बोदिलशिवाय हे संग्रहालय नाही, म्हणाला. फूल दिलं. टाळ्या झाल्या. मग पहिलं बक्षीस जिन्यावरून खाली आलं. गाठ सुटेना म्हणून पट्टी कात्रीने कापली होती. तुकडा पाळण्याला लोंबत होता.

जिंकला कुणाचा तरी पाहुणा, उन्हाळ्यापुरतं घर असलेला. शेगडीशेजारी लाकडं ठेवायला झकास, म्हणाला. लोक हसले.

बोदिल उठली. स्वतःचा कप धुतला. दाराशी प्रेबेनला म्हणाली, "तू हातात हात दिला होतास." एवढंच. मग आजच्या जेवणाबद्दल आभार मानले, जसे आपण मानतोच, आणि गेली. फूल टेबलावरच राहिलं. वसंत लागायच्या आत ती वारली.

"आणि पुढच्या मॉर्टनच्या रात्री..." सिग्ने म्हणाली.

"रात्र कसली. संध्याकाळ. पण नोव्हेंबरातली."

पाहुणे यायचे होते. खुर्च्या कमी पडत होत्या, म्हणून प्रेबेन एकटाच वर गेला. खोली रिकामी. लाकडी जमिनीवर पाळण्याच्या जागी दोन फिकट वाकडे पट्टे. खुर्च्या कोपऱ्यात. त्याने दोन उचलल्या.

मागे लाकूड वाजलं.

त्याला वाटलं, वाऱ्याने. खिडकी बंद होती.

पुन्हा वाजलं. लाकडावर लाकूड. इकडे... तिकडे. सावकाश.

तो वळला. काही नव्हतं. आवाज त्या दोन पट्ट्यांवरून येत होता.

इकडे... तिकडे...

"बोदिल?" तो म्हणाला.

आवाज थांबला.

मग... काहीच नाही. बराच वेळ.

तो दाराकडे निघाला. पाय उचलेना.

थोर्किल्ड थांबले. नळ ठिबकत होता. मॅसने तो बंद केला.

"खाली पाहिलं त्याने," थोर्किल्ड म्हणाले. "पट्टी. कडीपासून घोट्यापर्यंत. तीच गाठ. आणि पट्टीला कुठे कापल्याची खूण नाही."

बूट तिथेच सोडून तो पळाला. एका मोज्यावर, गोठलेल्या रस्त्यावरून, समोरच्या थोर्किल्डच्या घरात. दुसऱ्या आठवड्यात लेकीकडे गाव सोडून गेला. बूट न्यायला कधी आला नाही. ती गाठ सोडायचा धीर अजून कुणाला झालेला नाही.

माझे हात साबणात तसेच राहिले. कुठली खोली, हे विचारायची गरज नव्हती. सगळ्यांनी मला पोरीला घेऊन जिना चढताना पाहिलं होतं. मी मिरवलं तेव्हा माना डोलावल्या होत्या.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी म्हणाले. "उन्हाळ्यापासून तुमच्यात आहे मी."

"पोर झोपली होती, बाई," थोर्किल्ड हळू म्हणाले. "झोपलेल्या पोराशी बोदिलचं कधी वाकडं नव्हतं. आमच्याशी होतं."

मी जिना कसा चढले, आठवत नाही. अर्ध्यावर वरून आवाज ऐकू आला. इकडे... तिकडे... मी दार ढकललं.

शांत.

मी दिवा लावला. कोटांच्या ढिगावर आस्टा, गाल लाल, डोळे अर्धे मिटलेले. बूट जमिनीवर एका बाजूला कलंडला होता. सुटा. कडी रिकामी. लाल पट्टीची गोल, घट्ट गुंडाळी खिडकीत ठेवलेली.

मी पोरीला छातीशी धरलं. तिने कुरकुर केली आणि माझ्या खांद्यावरून खोलीच्या मध्यभागी पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "पाळणा का थांबवलास?"