तीस फेब्रुवारीचं जेवण

त्या दप्तरखान्यात धूळ इतकी, की कुणी जोरात शिंकलं तर एखादं शतक उडून जायचं! तिथल्या अरुंद जिन्यात ती त्याच्यावर धडकली. हातात मृत्यूंचं जाडजूड रजिस्टर, डोळ्यांत झोप.

"जुन्या तारखा संगणकात भरणारा प्रोग्राम तुमचाच ना?"

"हो... का?"

"एकतीस एप्रिलला वारलेले आजोबा त्यात एक मेला वारलेत."

"एकाच दिवसाचा तर फरक..."

"अहो, एप्रिल तीसचाच असतो! चूक जुन्या कारकुनाची, पण तुमच्या प्रोग्रामने ती गुपचूप पुढे ढकलली. त्याला कुणाला नाही म्हणताच येत नाही का?"

"माझ्यावर गेलाय," तो थकून म्हणाला.

तिचे ओठ जरासे हलले. "एक मार्चला काम सोपवायचंय. त्याआधी दुरुस्त करा."

मेलेल्यांच्या तारखा तपासून दोघांची पार रया गेली होती. तरी चहा आता एकाच टेबलावर येऊ लागला. एकदा त्याने धीर केला, "बाहेर जेवायला... याल?"

तिची मावशी रोज नवं स्थळ आणायची. नकार देऊन देऊन ती कंटाळली होती. "येईन की. तीस फेब्रुवारीला!"

त्याने मुकाट ती तारीख प्रोग्रामला दिली. पडद्यावर उमटलं — दोन मार्च.

"ठरलं तर!"

ती चक्क लाजली. रजिस्टरातल्या वाळवीनेही म्हणे तेवढ्यापुरतं कुरतडणं थांबवलं.

पण प्रोग्राम दुरुस्त केला, की हे जेवण गेलं. नाही केला, तर शेकडो माणसं कायमची खोट्या दिवशी मरणार. हनुवटीला हात लावून तो दुपारभर बसला... आणि मग दुरुस्ती केली.

एक मार्चला त्याने तिला बोलावलं. "घाला तुमची तारीख."

तिने घातली. पडदा म्हणाला — अशी तारीख नाही.

"म्हणजे उद्याचं...?"

"तुम्ही नाहीच म्हणाला होतात. मीच आपला सोयीचा अर्थ काढला."

मग डोळे चोळत तिने कीबोर्ड ओढला. "दमले हो मी नाही म्हणून म्हणून..."

तिने घातलं — दोन मार्च. पडद्याने तक्रार केली नाही.

"ही आहे ना?"

"आहे," तो म्हणाला.

"मग आठ वाजता. उशीर केलात तर —"

"तर?"

"तारीख पुढे सरकणार नाही."